मदत हवी आहे: एआय चॅट मराठीत बोलतच नाही, वरून पैसे मागतंय, परवा ऑर्डर आहे

सुदामानगर_वहिनी
नमस्कार. मी इंदूरची. भाच्याने मागच्या आठवड्यात माझ्या फोनमध्ये एआय चॅट टाकून दिलं, म्हणाला मावशी आता हिशोब, मेसेज, याद्या सगळं हेच करेल, आणि तो गेला बंगळुरूला. आता फोन उचलत नाही, ऑफिसमध्ये असतो. मी तीन दिवसांपासून डोकं लावून राहिले आहे. मी मराठीत बोलते, ते हिंदीत उत्तर देतं, ते पण भलतंच. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी त्याला आठवत नाही. आणि आता तर दोन-तीन प्रश्न झाले की पैसे भरा म्हणतं. परवा महालक्ष्म्यांचं जेवण आहे, माझ्याकडे ऑर्डर आहे, हिशोब अडून राहिलाय. हे नीट कसं चालू करायचं ते कोणी सांगा, जरा लवकर.

अंधेरी_टेस्टर
कोणतं अ‍ॅप? चॅटजीपीटी, जेमिनी, की व्हॉट्सअ‍ॅपमधलं निळं वर्तुळ? अँड्रॉइड की आयफोन? बोलून विचारता की टाइप करून? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

सुदामानगर_वहिनी
एआय चॅटच म्हटलं ना. साधा फोन आहे, अँड्रॉइड असेल. माइक दाबून बोलते, हाताला कणीक असते हो, टाइप कुठून करू.

निवृत्त_मास्तर
ताई, माझं वय ७२. मी सहा महिन्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपमधलंच वापरतो. मेटा एआय भारतात जून २०२४ पासून आलंय, वेगळं काही टाकावं लागत नाही, खातं उघडायचं नाही, पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही. ते निळं वर्तुळ दाबायचं आणि विचारायचं. बाकी सगळं सोडा आणि हे करा.

अंधेरी_टेस्टर
मास्तर, त्यांचं नेमकं काय बिघडलंय तेच अजून कळलेलं नाही आणि तुम्ही अ‍ॅप बदलायला सांगताय. आणि लांब हिशोब आणि मराठी मजकूर यासाठी मला चॅटजीपीटी बरं वाटतं.

निवृत्त_मास्तर
मी रोज वापरतो म्हणून सांगितलं. नव्या माणसाला जितकी कमी भानगड तितकं चांगलं.

लिनक्सप्रेमी
माझं मत विचाराल तर यातलं काहीच नको. स्वतःच्या लॅपटॉपवर एआयचं मॉडेल, म्हणजे चॅटमागचा मूळ प्रोग्रामच, उतरवून घ्या, १६ जीबी रॅम असेल तर छोटी मॉडेल्स आरामात चालतात, इंटरनेट लागत नाही, तुमची माहिती घराबाहेर जात नाही. कोणाला कमांड हव्या असतील तर देतो.

रामबागकर
भाऊ, त्यांच्या हाताला कणीक आहे आणि तुम्ही कमांड देताय.

वहिनी, मी पण इंदूरचाच, रामबागेतला. "भलतंच उत्तर देतं" म्हणजे काय देतं? एक तरी प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं इथे टाका.

सुदामानगर_वहिनी
मी विचारलं, पुरणाचं प्रमाण सांग. त्याने हिंदीत मोठा निबंध लिहिला की पुराणं अठरा आहेत, विष्णु पुराण, भागवत, आणि ती प्रमाण मानायची की नाही यावर विद्वानांची मतं. मी पुन्हा विचारलं तर म्हणे क्षमा करें, आणि परत तेच. मग मी म्हटलं दीडशे पोळ्या करायच्या आहेत, तर रोटीचं सांगितलं, आटा किती, पानी किती. मला रडूच आलं. दोन वर्षांपासून हा व्यवसाय जमवलाय, पहिल्यांदा एवढी मोठी ऑर्डर मिळालीय.

रामबागकर
आता कळलं! तुमच्या कीबोर्डचा माइक हिंदीवर आहे. तुम्ही म्हणता पुरण, तो ऐकतो पुराण. त्याच्यापर्यंत प्रश्नच "पुराण का प्रमाण" असा पोचतोय, तो बिचारा त्याचंच उत्तर देऊन राहिलाय. हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा. इंदुरात कोणाचाही फोन घेतला तर हिंदीच निघते.

गूगलचा कीबोर्ड असेल तर: कीबोर्ड उघडा, वर दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल, ते दाबा, "भाषा" मध्ये जा, मराठी जोडा. मग स्पेसबार थोडा वेळ दाबून धरला की मराठी निवडता येते, आणि मग माइक दाबा. बोलून झालं की पाठवायच्या आधी पडद्यावर काय उमटलंय ते एकदा वाचा. माझ्या आईला हीच एक सवय लावली आणि निम्मी कटकट गेली.

कोथरूड_बोलतंय
"देऊन राहिलाय" हे मराठी नाही. "देतोय" म्हणा. तुम्ही लोक अशी भाषा बोलल्यावर यंत्राला तरी काय कळणार?

माळवा_मराठी
आम्ही जवळपास तीनशे वर्षं माळव्यात राहून मराठी टिकवलीय, होळकरांच्या काळापासून. घरात मराठी, बाहेर हिंदी, दोन्ही एकमेकींत मिसळणारच. आणि गंमत नाही, मी स्वतः करून पाहिलंय, "मी जाऊन राहिलोय" लिहिलं तरी त्याला नीट कळतं. अडचण उच्चार अक्षरांत उतरवणाऱ्या माइकची होती, वहिनींच्या भाषेची नव्हती.

कोथरूड_बोलतंय
प्रमाणभाषा असते काहीतरी.

माळवा_मराठी
असते, शाळेत. पोळ्यांची ऑर्डर घेताना नसते. इथे बाईंचं काम अडलंय, तो वाद वेगळ्या धाग्यावर काढा, मी येतो तिथे.

ग्वाल्हेरची_सून
पुरणाचं विचारताय तर मी सांगते ना, यंत्र कशाला पाहिजे. एक किलो हरभऱ्याची डाळ, एक किलो गूळ. आमच्याकडे ग्वाल्हेरला पाऊण गूळ आणि पाव साखर घेतात, पुरण सैल होत नाही. जायफळ हवंच, वेलची नसली तरी चालेल.

निवृत्त_मास्तर
साखर घातली की पोळी कडक होते. फक्त गूळ. आणि कट वेगळा काढून आमटी.

ग्वाल्हेरची_सून
अजिबात कडक होत नाही, कणीक नीट तिंबली की. तेल किती घालता कणकेत?

अंधेरी_टेस्टर
पैशांचं राहिलं. वहिनी, प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पूर्ण नाव काय आणि नावाखाली छोट्या अक्षरांत कंपनी कोणती लिहिलीय? आणि हे भाच्यानेच टाकलेलं आहे ना नक्की?

सुदामानगर_वहिनी
तसं भाच्यानेच. म्हणजे त्याने टाकलेलं माझ्याकडून चुकून उडालं, जागा कमी आहे म्हणून फोन सारखा ओरडत होता. मग मी प्ले स्टोअरवर एआय चॅट असं बोलले आणि सगळ्यात वर आलं ते घेतलं. चिन्ह सारखंच वाटलं. नावात एआय, चॅट आणि प्रो आहे. कंपनी कधी ऐकलेली नाही. तीन दिवस फुकट म्हणालं म्हणून मी हो दाबलं. काल एक मेसेज पण आलाय, ऑटोपे चालू झालं, दर आठवड्याला ४९९ रुपये, रविवारपासून. ते बँकेचं असेल म्हणून लिहिलं नाही.

अंधेरी_टेस्टर
हेच सगळ्यात आधी सांगायचं होतं हो! ते मूळ अ‍ॅप नाही. असली पुष्कळ अ‍ॅप्स आहेत, मूळ सेवा मागे लावतात आणि वर आपले पैसे घेतात. शोधात सगळ्यात वर दिसतं ते बऱ्याचदा जाहिरातीचं असतं.

आज, आत्ता, पोळ्यांच्या आधी हे करा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमचा गोल फोटो दाबा, "पेमेंट आणि सदस्यत्वे" मध्ये जा, तिथे "सदस्यत्वे", तिथे ते अ‍ॅप दिसेल, "रद्द करा". त्यानंतरच अ‍ॅप काढून टाका. आधी अ‍ॅप काढलं तर अ‍ॅप जातं पण पैसे कापणं चालूच राहतं, माझ्या सासऱ्यांचे असेच दोन महिने गेले. मग ज्या यूपीआय अ‍ॅपने हो दाबलं त्यात जाऊन ऑटोपेच्या यादीत ते अजून आहे का पाहा, असेल तर तिथूनही रद्द करा.

खरं अ‍ॅप घेताना नावाखाली बघा. चॅटजीपीटीच्या खाली ओपनएआय पाहिजे, जेमिनीच्या खाली गूगल. दोन्ही फुकट चालतात. फुकटात दिवसाची मर्यादा असते, पण घरच्या कामाला पुरते.

निवृत्त_मास्तर
म्हणूनच मी व्हॉट्सअ‍ॅपमधलं म्हणत होतो. नकली उतरवायचा प्रश्नच येत नाही.

अंधेरी_टेस्टर
या एका मुद्द्यावर मास्तर बरोबर आहेत, मान्य.

सुदामानगर_वहिनी
रद्द झालं. यूपीआयमध्ये पण बघितलं, तिथूनही गेलं. हात कापत होते. पैसे कापले गेले नाहीत. अंधेरीवाले भाऊ, तुमचे उपकार आहेत. ओपनएआय लिहिलेलं उतरवलं. कीबोर्डचं पण झालं, आता "पुरण" पुरणच उमटतं.

पण हिशोब परत चुकीचा. दीडशे पुरणपोळ्यांना १२ किलो डाळ म्हणतंय. एवढी डाळ मी वर्षात शिजवत नाही.

रामबागकर
तुम्ही त्याला काय काय सांगितलंत?

सुदामानगर_वहिनी
दीडशे पुरणपोळ्यांना डाळ किती. अजून काय सांगायचं?

रामबागकर
पोळी केवढी? पुरण किती भरता? वहिनी, राग मानू नका, पण आम्हाला जे सांगायचं राहिलं होतं ना, तेच त्यालाही सांगायचं राहिलंय. तुमच्या डोक्यात तुमची पोळी स्पष्ट दिसते, आम्हाला नाही, त्याला तर पोळीच ठाऊक नाही, ते वाचलेल्या मजकुरावरून शब्दामागे शब्द जुळवतं. कोणीतरी कुठेतरी मोठाल्या पोळ्यांचं लिहिलेलं असेल, किंवा तेही नसेल, पण उत्तर तितक्याच ठामपणे देईल. म्हणून प्रमाण त्याला विचारू नका, तुमचं प्रमाण त्याला द्या आणि हिशोब करून घ्या. तुमच्या हाताने एक किलो डाळीत किती पोळ्या होतात?

सुदामानगर_वहिनी
मध्यम पोळी, एक किलोत ४२. कधी ४०, पण ४२ धरते.

रामबागकर
मग असं बोला: "मी इंदूरला घरून पुरणपोळ्या विकते. माझ्या मापाने १ किलो हरभरा डाळ आणि १ किलो गुळात ४२ मध्यम पोळ्या होतात. मला १५० पोळ्या हव्यात, ५ पोळ्या मोडतील असं धर. डाळ, गूळ किती लागेल ते हिशोबाच्या पायऱ्यांसकट मराठीत सांग." आणि आलेला आकडा कॅल्क्युलेटरवर एकदा ताडून बघा. याला भाषा चांगली येते, आकड्यांत अजून घसरतं.

आणि सकाळचं आठवत नाही म्हणालात ते यामुळे की प्रत्येक वेळी तुम्ही नवीन गप्पा उघडत असाल. डावीकडे वर आडव्या रेघा आहेत त्या दाबल्या की जुन्या गप्पांची यादी येते. पोळ्यांची गप्पा एकच ठेवा, तिथेच पुढे बोलत राहा.

माळवा_मराठी
गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते त्यात टाकू नका. आधार, ओटीपी तर अजिबात नाही. आणि कधी पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा, सायबर फसवणुकीसाठी तोच नंबर आहे.

लिनक्सप्रेमी
म्हणूनच मी लॅपटॉपवर मॉडेल म्हणत होतो.

सुदामानगर_वहिनी
जमलं. १५५ ला ४२ ने भागून साधारण ३.७ किलो डाळ आणि तेवढाच गूळ असं आलं, पायऱ्या दाखवल्या, कॅल्क्युलेटरवर पण तेच. मी ४ किलो भिजवते, पुरण उरलं तर घरात संपतं. मग त्याच गप्पेत म्हटलं गिऱ्हाइकांसाठी मेसेज लिही, मराठीत आणि खाली हिंदीत. छान लिहिला, फक्त "महालक्ष्मी पूजनानिमित्त हार्दिक आमंत्रण" असं लिहिलं होतं, जसं मीच जेवायला बोलावतेय. मी म्हटलं ऑर्डर आहे, आमंत्रण नाही, तर लगेच बदललं. भाच्याचा आत्ता फोन आला, त्याला सगळं सांगितलं.

ग्वाल्हेरच्या ताई, कणकेत मी किलोला पाव वाटी तेल घालते आणि दोन तास मुरू देते. साखर नाही घालत, माझ्या सासूबाई फक्त गूळच घ्यायच्या.

ग्वाल्हेरची_सून
दोन तास! मी अर्धाच तास ठेवते, तिथेच चुकत असेल. यावेळी करून बघते.

केसरबाग_रोड
वहिनी, सुदामा नगरात कुठे? परवासाठी आणखी २० पोळ्या मिळतील का?

सुदामानगर_वहिनी
परवासाठी नाही हो, दीडशेच्या वर माझा तवा पुरणार नाही. विसर्जन झालं की सांगा, करून देईन.

केसरबाग_रोड
चालेल. आणि माझ्या बायकोच्या आयफोनवर पण असंच एक प्रो वालं आहे, ते कुठून रद्द करायचं?

अंधेरी_टेस्टर
सेटिंग्ज उघडा, सगळ्यात वर त्यांचं नाव असतं ते दाबा, "सदस्यत्वे" मध्ये जा, तिथून रद्द करा. अ‍ॅप नंतर काढा.