माहेरच्या बेटावर जाऊन आले, आता आईला नाशिकला आणावं की नाही?

मोराबंदरची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझं माहेर घारापुरी, म्हणजे तुम्ही ज्याला एलिफंटा म्हणता ते. तिथे फक्त लेणी नाहीत हो, तीन गावं आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि आमचं मोराबंदर. लग्न करून नाशिकला आले तेव्हापासून वडील होते तोवर सणासुदीला जाणं व्हायचं, ते गेल्यावर मुलांच्या शाळा, ह्यांच्या कंपनीच्या शिफ्ट असं करत करत जाणं सुटलंच, आईच कधीतरी भावाबरोबर इकडे यायची. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुक्कामालाच गेले.

आमच्या लहानपणी लाईट म्हणजे संध्याकाळी सात ते दहा, जनरेटरवर. तीन तास! त्यात अभ्यास, जेवण, टीव्ही, मिक्सर, सगळं. पावणेदहा झाले की आई ओरडायची की ताटं आवरा, अंथरुणं घाला, आणि मग ढप्प करून सगळं बेट काळं. पुढे कंदील. आता काय, 22 फेब्रुवारी 2018 ला समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणने लाईट आणली, त्याच्या बातम्या तुम्ही पण वाचल्या असतील, स्वातंत्र्यानंतर 70 वर्षांनी वगैरे. मी बातम्यांतच बघितलं होतं, राहून बघितलं नव्हतं. आईकडे फ्रिज आहे!! आमच्या घरात! आधी आणलेलं म्हावरं त्या दिवशी खा नाहीतर मीठ लावून वाळवा, आता ती बांगडे साफ करून पिशव्या भरून ठेवते आणि वर आम्हालाच म्हणते आज कोणती काढू. रात्री अकराला पंखा लावून सिरियल बघत बसली होती. कंदील अजून खुंटीला आहे, त्याची काच फुटलीय, कुणी बदलली पण नाही.

पण गावापेक्षा समोरचं पाणी जास्त बदललंय असं मला वाटलं. न्हावा-शेवाच्या क्रेन आमच्या लहानपणापासूनच, ते बंदर 1989 चं, पण आता रात्रभर तिकडे नुसता लखलखाट, त्यात अटल सेतूची दिव्यांची रांग, वर विमानं. पूर्वी दहा नंतर आभाळ दिसायचं. भाऊ म्हणतो जाळ्यात पूर्वीसारखं काही येत नाही, म्हणून त्याने पण होडी सोडून लेण्यांच्या पायऱ्यांवर माळा आणि दगडी हत्तींचं दुकान टाकलं. माझ्याबरोबरच्या मुली सगळ्या उरण, पनवेल, उलव्याला. कुलूप लावलेली घरं बरीच दिसली. म्हणजे लाईट आली तोवर लाईटीखाली अभ्यास करणारी पोरं निघून गेलेली.

तर प्रश्न असा. इतकी वर्षं आम्ही आईला म्हणायचो की तिथे लाईट नाही, सोयी नाहीत, नाशिकला ये. आता ती कारणं राहिली नाहीत आणि ती मला फ्रिज दाखवून म्हणते, "मना नय यवाचा." पण दवाखाना अजून बेटावर नाहीच. शुगर आहे, गुडघे गेलेत, रात्री काही झालं तर बोट शोधा, भरती-ओहोटी बघा, मग पलीकडे गाडी शोधा. ह्यांचं म्हणणं सरळ घेऊन ये. भाऊ म्हणतो तिला नेलंस तर महिनाभरात आजारी पडेल. कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

उरणचा_पोऱ्या

ताई आपण शेजारी निघालो. आधी बाकीच्यांसाठी, मोरा बंदर उरणला आहे आणि मोराबंदर घारापुरीला, दोन्ही एक समजून लोक भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडतात आणि मग उरणला उतरून लेणी कुठे विचारतात 😄

माझं मत, नाशिक विसरा, लांब पडतं. मधला मार्ग बघा. उरण किंवा न्हावा-उलवे पट्ट्यात एक खोली भाड्याने घ्या. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले, त्यामुळे उरण आता पूर्वीचं उरण नाही, डॉक्टर, मेडिकल, सगळं हाताशी. पावसाळ्याचे चार महिने आईंनी तिथे राहायचं, कारण खरी पंचाईत तेव्हाच असते, वारा सुटला की बोट बंद, मग तुम्ही नाशिकहून फोन करत बसणार. बाकी आठ महिने त्यांचं घर त्यांना. आमच्या आत्याचं असंच केलं, ती पण करंज्याहून हलायला तयार नव्हती. खोलीत मात्र एकटं ठेवू नका, भाऊ नाहीतर वहिनी बरोबर हवी. आणि हो, बोटवाल्या दोघातिघांचे नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, त्या घाबरल्या की सापडत नाहीत.

सातपूरकर_72

मी स्पष्ट बोलतो राग मानू नका. आमच्या दादांना आम्ही मालवणहून इथे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट होती, सगळं होतं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसभर विचारायचे की हे सगळे लोक जातात कुठे. ओळखीचं माणूस एक नाही, चहा प्यायला कुणाच्या दारात जाता येत नाही, आणि मासे खाल्ले की म्हणायचे हे बर्फाचं लाकूड आहे. सहा-सात महिने काढले कसेबसे, मग परत सोडून आलो आणि तब्येत सुधारली, खोटं वाटेल पण खरंय. त्यात नाशिक आत्ता आणण्यासारखं आहे का? कुंभमेळ्याच्या नावाने जिकडेतिकडे खोदून ठेवलंय, द्वारका चौकात धडधाकट माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, तुम्ही गुडघे गेलेल्या बाईला काय दाखवणार.

दवाखान्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मालवणात निदान रिक्षा होती.

निळं_पाणी

थोडं वेगळं लिहिते. माझं बालपण पोर्ट ब्लेअरला गेलं, बाबा सरकारी नोकरीत होते, मग बदली होऊन देवळालीला आलो. इथे लोक विचारायचे, अगबाई, काळ्या पाण्यावर राहायचात? सावरकरांचं भगूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या शेजारचे सगळे सेल्युलर जेल बघायला म्हणून अंदमानला जाऊन आलेले आणि आम्ही त्याच रस्त्याने शाळेला जायचो.

मागच्या वर्षी गेले तर गावाचं नावच बदललेलं, सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम. रॉस बेटाचं नाव त्याच्या आधीच 2018 ला बदललं. पण ॲबर्डीन बाजारातले दुकानदार अजून जुनीच नावं घेतात. नवीन एअरपोर्ट शिंपल्यासारखा, 2023 चा. चेन्नईहून 2020 ला समुद्राखालून केबल आली तेव्हापासून इंटरनेट चालतं, आमच्या वेळी मामाला फोन लावायचा तर एसटीडी बूथच्या रांगेत तास जायचा आणि आवाज यायचा विहिरीतून. हे सगळं चांगलंच झालं, मी तक्रार करत नाही. पण सिप्पीघाटला मैत्रिणीच्या वडिलांची शेती होती, 2004 च्या त्सुनामीत तिथली जमीनच खाली गेली आणि समुद्राचं पाणी आलं ते कायमचं. आता तिथे रस्त्याच्या कडेला नुसतं पाणी, नवीन माणसाला वाटेल खाडीच आहे, फोटो काढतात. मी पण ओळखलं नाही पटकन.

तुमच्या आईंबद्दल, मैत्रिणीची आजी शेवटपर्यंत तिथेच राहिली, मेनलँडला ऑपरेशनपुरती आली आणि टाके काढल्याबरोबर जहाजाचं तिकीट काढा म्हणून मागे लागली. विचारून बघा की त्या कशापुरत्या येतील. "राहायला ये" आणि "डोळे तपासायला ये" यात त्यांच्या बाजूने फार फरक असतो.

गोदाकाठचा_भटक्या

आम्ही मागे ग्रुपने एलिफंटाला गेलो होतो, सोमवारी 🤦 लेणी बंद. सकाळची पंचवटी पकडून एवढं गेलो ते गेटवेवरच वडापाव खाऊन परत. नंतर नीट गेलो तेव्हा त्या महेशमूर्तीसमोर उभं राहिल्यावर खरंच बोलती बंद झाली, पण वर तीन गावं आहेत हे आत्ता तुमच्यामुळे कळलं. रात्री राहता येतं का तिथे? आणि 18 डिसेंबर 2024 ला ती नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या लाँचवर आदळली त्यानंतर बायको लाँचमध्ये बसायलाच तयार नाही, आता काय परिस्थिती?

मोराबंदरची_लेक

@गोदाकाठ पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत, साडेपाचच्या सुमाराला शेवटची लाँच गेली की बेट आमचं. आम्ही लहानपणी त्याचीच वाट बघायचो, मग जेट्टीवर खेळायला मोकळं. लाइफ जॅकेट आता घालायला लावतात, आम्हाला पण दिलं, माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा घातलं आणि तोंड वाकडं करून बसली पूर्ण वेळ. वहिनींना सांगा जॅकेट घालून बिनधास्त बसा.

@सातपूरकर राग कसला, भाऊ हेच म्हणतो, फक्त इतकं नीट नाही सांगता येत त्याला. खरं सांगू का, मला तिकडे पाहुण्यासारखं वाटलं म्हणून पण मी चिडले असेन. भाचा मला रस्ता दाखवत होता की आत्या इकडून ये, तिकडे माकडं आहेत. मला! ज्या वाटेने मी अनवाणी पाणी आणलंय!

@निळं_पाणी तुमची "कशापुरती" वाली आयडिया आवडली. काल फोनवर विचारलं. गुडघे दाखवायला ये, आणि दाखवून झालं की परत सोडते, तारीख तूच सांग. तर लगेच नाही म्हणाली नाही, आधी विचारलं की फ्रिज तेवढे दिवस चालू ठेवायचा का बंद, आणि आतल्या म्हावऱ्याचं काय. म्हणजे येईल असं वाटतंय.

@उरणचा पोऱ्या खोलीचं मनावर घेतलंय, भावाशी बोलले, पावसाळ्याआधी बघू म्हणाला, उलव्याला भाडी फार वाढलीत म्हणे, तुमच्या उरणात काय रेट चाललाय आणि तळमजला मिळेल का ते व्यनि (खाजगी मेसेज) करा ना प्लीज. आणि नाशिककरांनो, पाथर्डी फाटा-इंदिरानगरकडे ताजे मासे नक्की कुठे मिळतात? ताजे म्हणजे आईच्या हिशोबाने ताजे. सुके बोंबील सांगू नका, ते ती स्वतःच घेऊन येणार.

उरणचा_पोऱ्या

व्यनि केलाय ताई. तळमजले दोन आहेत, एक मोरा रोडला, पण तिथे पाणी दिवसाआड येतं, आधी घरमालकाशी बोलून घ्या.