मदत हवी आहे: चित्रपटाच्या नावातल्या प्रश्नचिन्हानंतर पूर्णविराम द्यायचा का?

शाहू स्मारकातल्या खेळासाठी एक पानी टिपण छापायचंय. चित्रपट राज खोसलांचा ‘वो कौन थी?’ (१९६४). भर पावसात रस्त्यावर पांढऱ्या साडीतली साधना, ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात, तरी रस्ता तीच दाखवते! काय प्रसंग रचलाय!

गाडं अडलंय शेवटच्या वाक्यावर: माझा सर्वांत लाडका रहस्यपट म्हणजे ‘वो कौन थी?’

मित्र म्हणतो, अवतरणानंतर पूर्णविराम हवाच, वाक्य विधानार्थी आहे. मला दोन चिन्हं शेजारी खटकतात. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम पाहिले, ते शुद्धलेखनाचे. यावर काही नाही. नावातलं प्रश्नचिन्ह काढणार नाही, वाक्यही फिरवायचं नाही. मुद्रितशोधन करणाऱ्यांनो, तुम्ही इथे पूर्णविराम देता की गाळता, आणि कोणत्या नियमाने?