ॲप आहे, उपग्रह आहे, मग वनस्पतितज्ज्ञ कशाला? (एका लेखाला उत्तर)

शेवरी
काल इथे एक लेख आला. मथितार्थ असा: फोन झाड ओळखतो, उपग्रह ओसाड जागा दाखवतो, रोपवाटिकेत देशी रोपं मिळतात, मग वर्षभर गवतात वाकून बसणारे वनस्पतितज्ज्ञ हवेत कशाला, ते कामात खोडा घालतात. दोन ओळींचा प्रतिसाद देणार होतो. जमलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मी हेच काम करतो. चौकट टाकायची आणि आतलं झाडून सगळं मोजायचं, गवताच्या काडीपासून शेवाळापर्यंत. उपग्रहाला 'ओसाड' दिसतं ते पुष्कळदा जुनं गवताळ रान असतं. कोरड्या दिवसांत तिथे काही दिसत नाही, कारण बरीच मंडळी कंद होऊन जमिनीखाली झोपलेली असतात. एका प्रकल्पात आम्हाला पाहणी नेमकी तेव्हाच उरकायला लावली. अहवालात 'वनस्पती तुरळक', लगेच खड्डे, लगेच रोपं. पाऊस पडल्यावर दोन खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यात जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) उगवल्या. खड्ड्यांच्या जागी काय होतं ते आता कोणी सांगायचं?

उजाड जमीन पूर्ववत करायची बॉन चॅलेंज ही जागतिक मोहीम 2011 मध्ये सुरू झाली; 2020 पर्यंत 15 कोटी हेक्टर असं उद्दिष्ट होतं, ते 2014 मध्ये वाढवून 2030 पर्यंत 35 कोटी केलं. हेक्टरांचं उद्दिष्ट आलं की मोजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे लावलेली रोपं. मग गवताळ रानावरही झाडंच लावली जातात.

हिशेबी
गवताळ रानाचं मान्य. पण मी स्वयंसेवकांचा गट चालवतो, माझी बाजूही ऐका. घाणेरी (लँटाना, रान व्यापणारं परदेशी झुडूप) कोणाच्या अहवालाची वाट बघत नाही. आम्ही एकदा रीतसर तज्ज्ञ आणले. जाडजूड अहवाल, पानोपानी लॅटिन. कुठलं रोप उपटायचं आणि कुठलं ठेवायचं एवढाच आमचा प्रश्न होता. उत्तर मिळालं, "फुलल्यावर सांगतो." फुलल्यावर उत्तर येईपर्यंत बी पडून गेलं होतं.

रानजाई
@हिशेबी, ते तज्ज्ञ कच्चे होते. रोपावस्थेत ओळखता येणं हाच या कामाचा कस. आणि ॲपवाल्यांसाठी: फ्रॅगमाइटिस हे दलदलीतलं उंच गवत घ्या. उत्तर अमेरिकेतलं देशी फ्रॅगमाइटिस आणि युरेशियातून तिथे घुसलेलं फ्रॅगमाइटिस, दोन्हींची जात एकच. वाण वेगळे आहेत हे 2002 मध्ये डीएनएवरून पक्कं झालं. एक वाचवायचं, दुसरं काढायचं. रानात फरक कळतो तो तांबूस गुळगुळीत दांड्यावरून, आणि देशीच्या पानांच्या खोळी गळून पडतात त्यावरून. फोटो काढताना खोळ कोण सोलून बघतं?

खुरपं
अवांतर, पण बोलणारच. दुर्मीळ झाड दिसलं की मुळासकट उपटून कागदात दाबणारी जमात आता संवर्धनावर प्रवचन देणार? माझ्या डोळ्यांसमोर एकाने ओढ्याकाठचं एकुलतं रोप उचललं. वर मला म्हणे, "नमुना लागतो."

शेवरी
तो माणूस चूकच. पण त्याच्यावरून अख्ख्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला, झोडपू नका. बिया गोळा करतानाही दंडक आहे: त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी 20 टक्क्यांहून जास्त उचलायच्या नाहीत. आणि अमेरिकेतली फ्रँकलिनिया घ्या, फुलझाड आहे. 1803 नंतर ती रानात कोणाला दिसलेली नाही. आज बागांमधून आहे ती विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकांनी नेलेल्या बियांमुळे.

खुरपं
बिया नेल्या त्यांनी, झाड इस्त्री करून ठेवलं नाही. उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, धन्यवाद.

रानजाई
कागदावरचं नेहमीच मेलेलं असतं असं नाही हो. 1940 साली ब्रिटिश म्युझियमच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडला. आग विझवताना 1793 साली चीनमध्ये गोळा केलेल्या शिरीषाच्या जातभाईच्या बिया भिजल्या आणि चक्क रुजल्या.

खुरपं
वा! म्हणजे संवर्धनाची पद्धत ठरली: दीडशे वर्षं थांबा आणि बॉम्ब टाका.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिता त्याचं काय? व्हिएतनाममधल्या पॅफिओपेडिलम कॅन्ही या आमरीचं वर्णन 2010 मध्ये छापून आलं आणि हौशी संग्राहकांसाठी ती रानातून ओरबाडली गेली. रस्ता तुम्हीच दाखवता.

शेवरी
आता हद्द झाली. चोरी चोराने केली, दोष नोंद करणाऱ्याला? नोंद नसेल तर त्या डोंगरावर खाण मागणाऱ्याला काय दाखवणार, तुमचा संताप? अतिदुर्मीळ जातींचं नेमकं ठिकाण हल्ली जाहीर करत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा धोक्यातल्या जातींची जागा धूसर दाखवतात.

खुरपं
'हल्ली'. बरं. ओढ्याकाठचं ते रोप काही परत येत नाही.

हिशेबी
खुरपं, शेवरी, तुमचं भांडण व्यक्तिगत निरोपात न्या. धागा रोपं लावण्याचा होता.

रानजाई
तेवढ्यात माझंही गाऱ्हाणं. 'देशी' अशी पाटी लावलेलं रोप कुठल्या बियांचं, हे रोपवाटिकेत विचारून बघा. वेल्समध्ये हॉथॉर्न या कुंपणाच्या काटेरी झुडपाची तुलना करून पाहिली. जात तीच, पण बाहेरून आणलेल्या बियांची झुडपं स्थानिकांपेक्षा आधी पालवली आणि त्यांना भुरीही (बुरशीचा रोग) जास्त लागली. बी कुठल्या रानातून आणायचं हे रान पायाखाली घातलेलाच सांगू शकतो. आणि त्याला नेमतात हंगामी करारावर. बी पिकायच्या सुमारास करार संपलेला.

हिशेबी
शेवटचं वाक्य अहवालात घालत जा. बाकीच्या लॅटिनपेक्षा तेच कोणी वाचेल. चला, यंदा एक तुकडा न खणता ठेवतो. शेवरी, येऊन आमच्या लोकांना रोपावस्थेतली ओळख शिकवा. "फुलल्यावर सांगतो" म्हणालात तर परतीचं भाडं तुमचं.

शेवरी
येईन. पण कुदळी गाडीतच ठेवायच्या. आणि घाणेरी सरसकट उपटत सुटू नका, काही ठिकाणी तिच्या आडोशालाच देशी रोपं तगलेली असतात.

हिशेबी
घातलात ना खोडा!