मदत हवी आहे : आईचा फोन आला की दहा मिनिटांत खरं काय ते कुठे पाहू?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. मी नोकरीमुळे पुण्यात. आमच्याकडे जमिनीतून आवाज येतात, हे मराठवाड्यातल्या लोकांना नवं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं नाव पेपरात आलं म्हणून बाहेरच्यांना कळलं, पण आसपासच्या कितीतरी गावांत हेच चाललंय. आधी गुडगुड होते, लांबून रिकामी ट्रॉली यावी तशी. मग पायाखाली एक दणका, आणि फळीवरची पातेली वाजतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ चा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५. तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

तेव्हापासून धक्का बसला की आईचा पहिला फोन मला. "बाई, आत्ता हादरलं. बघ बरं मोबाइलवर काय आलंय." मी बघते आणि बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. मग तिला वाटतं मी तिची समजूत काढतेय, किंवा सरकार लपवतंय.

खरा घोर वेगळाच आहे. गावाच्या ग्रुपवर मेसेज येतात. एखाद्या परदेशी ज्वालामुखीचा व्हिडिओ, सूर्याचा लालभडक फोटो, आणि खाली "सूर्यावर एक्स क्लासचा स्फोट, ४८ तासांत महाराष्ट्राला मोठा धक्का, घराबाहेर झोपा". गेल्या थंडीत असा मेसेज आला आणि माझे आबा, वय ७४, तीन रात्री अंगणात बाजेवर झोपले. छातीत कफ भरला, पंधरा दिवस औषधं चालली. धक्का काही आला नाही. मी फोनवर ओरडले, "आबा, आत जा," तर म्हणाले, "तू पुण्यात आहेस. छत आमच्या डोक्यावर आहे." यावर मला बोलता आलं नाही.

म्हणून मी स्वतःच शिकायचं ठरवलं. तीन ॲप टाकली. रात्रभर फोन वाजत राहिला. टोंगा, इंडोनेशिया, जपान, चिली. कंटाळून आवाज बंद केला, आणि त्याच पहाटे आईचे चार फोन येऊन गेले ते मला कळलंच नाही. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत किल्लारी शोधायला गेले तर ३० सप्टेंबर १९९३ ला काही सापडेना. तो दिवस मला पाठ आहे, मी सहावीत होते, गणपती बोळवून माणसं झोपली होती. इतका मोठा भूकंप यादीत नाही म्हणजे काय?

मला एवढंच हवंय. आईचा फोन आला की दहा मिनिटांत कुठे बघायचं, आणि तिथे काही नसेल तर त्याचा अर्थ काय लावायचा? शिवाय ज्वालामुखी आणि सूर्याचं जे सांगतात त्यात आमच्या गावासाठी काही तथ्य आहे का? कृपया सोप्या भाषेत सांगा, मला ते आबांना जसंच्या तसं सांगायचंय.

— वसमतरोड

कोयनाकाठ

ताई, मी पाटण तालुक्यातला. आमच्याकडे धक्का बसला की चहा ठेवतात असं लोक म्हणतात, पण ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या मोठ्या भूकंपाची पहाट माझी आजी शेवटपर्यंत विसरली नाही. तेव्हा तुमच्या आईची अवस्था समजते.

आधी किल्लारीचं. भूकंप यादीत आहे, पण २९ सप्टेंबरला. जागतिक याद्या ग्रीनिचच्या वेळेवर चालतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. किल्लारीचा भूकंप आपल्या पहाटे चारला जरा कमी असताना झाला, तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजत होते. कोयनेचाही तिथे १० डिसेंबरच दिसेल. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतला धक्का शोधताना नेहमी आदली तारीख बघा.

दुसरं, चुकीच्या दुकानात जाऊ नका. यूएसजीएसचं जाळं अमेरिकेत दाट आहे. तिथले बारीक धक्केही ते दाखवतात, पण बाकी जगातले साधारण ४.५ च्या वरचेच खात्रीने येतात. हिंगोलीचा २.८ चा धक्का तिथे दिसणार नाही, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. आपल्यासाठी दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र. त्यांचं संकेतस्थळ सीस्मो डॉट जीओव्ही डॉट इन, आणि भूकंप (BhooKamp) नावाचं ॲप. तिथे वेळ भारतीय असते. पहिला आकडा बहुधा काही मिनिटांत येतो, नंतर तो थोडा बदलू शकतो, कारण लांबच्या मोजणी केंद्रांच्या नोंदी मागाहून जोडल्या जातात. एकाकडे ४.५ आणि दुसऱ्याकडे ४.३ दिसलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. मोजायच्या पद्धती निराळ्या, केंद्रं निराळी.

खोलीच्या रकान्यात वारंवार "१० कि.मी." दिसेल. उथळ भूकंपाची खोली जवळ पुरेशी यंत्रं नसल्याने नक्की काढता आली नाही की बरेचदा हा ठरावीक आकडा धरतात. त्यावरून "सगळे भूकंप एकाच खोलीवर होतायत" असा निष्कर्ष ग्रुपवर काढतात, तो चुकीचा.

आणि काहीच दिसलं नाही तर? आईने ऐकलं ते खरंच असू शकतं. अगदी उथळ, अगदी बारीक धक्क्याच्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला आवाज येतो. पायाला जाणवण्याआधी तो ऐकू येतो, कधी नुसता ऐकूच येतो. आपला काळा कातळ या लहरी चांगल्या वाहून नेतो. पण धक्क्याची जागा ठरवायला तो निदान तीन-चार केंद्रांवर नीट उमटावा लागतो. इतका बारीक असेल तर यादीत येत नाही. विहिरीचे आणि खाणीचे सुरुंगही तपासा, ते साधारण दिवसा उडवतात.

आईला एक काम द्या. प्रत्येक आवाजाची वेळ घड्याळ पाहून लिहायला सांगा, मिनिटासकट. "पहाटे" एवढं पुरत नाही.

ॲपमध्ये दोनच सूचना ठेवा : गावापासून ३०० कि.मी. च्या आत कितीही लहान, आणि जगात ६.५ च्या वर. जगात दिवसाला पन्नासेक भूकंपांची नोंद होते, ७ च्या वरचे वर्षाला पंधराच्या आसपास असतात. सगळे ऐकत बसाल तर पृथ्वी फुटायला आल्यासारखं वाटेल, आणि ती कायम अशीच असते.

नाशिकची_अनुराधा

आबांच्या मोबाइलवर अँड्रॉइडची भूकंपसूचना चालू करून द्या. भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. सेटिंगमध्ये सुरक्षा व आपत्कालीन या भागात सापडेल. फोनमधली कंपनं ओळखणारी यंत्रणा असते, एका भागातले खूप फोन एकदम हलले की पुढच्या गावांना इशारा जातो. पण अपेक्षा बेताची ठेवा. हा इशारा ४.५ आणि त्यावरच्या धक्क्यांसाठी आहे, आणि भूकंपाचं केंद्र घराखालीच असेल तर इशाऱ्याच्या आधी धक्का पोचतो. लांबच्या मोठ्या भूकंपात मात्र काही सेकंद मिळतात. फोन रात्री बंद करून ठेवायची सवय असेल तर ती मोडायला लागेल.

अलिबागकर_१२

सूर्याचं मी सांगतो, कारण आमच्या गावात त्याची नोंद ठेवतात. १८५९ च्या सप्टेंबरमधलं प्रचंड सौरवादळ मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत टिपलं गेलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमाप बिघडलं असतं म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवलं. ते आजही चालू आहे. बांधकामात लोखंडी खिळासुद्धा नको, अशी ती जागा.

सूर्यावरच्या झळांना ए, बी, सी, एम, एक्स अशी अक्षरं आहेत, एक्स सगळ्यांत मोठी. तिचा प्रकाश आठ-सव्वाआठ मिनिटांत इथे येतो आणि रेडिओसंपर्क बिघडवतो. झळेबरोबर कधी कधी भारित कणांचा ढगही सुटतो. त्याला पोचायला एक ते तीन दिवस लागतात. तुमच्या मेसेजमधले "४८ तास" इथून उचललेत. वेळ खरी आहे, पण ती चुंबकीय वादळाची, भूकंपाची नव्हे. वादळ जी १ ते जी ५ असं मोजतात, अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अवकाश-हवामान केंद्राच्या पानावर ते कुणालाही दिसतं. त्याने उपग्रह, जीपीएस, विजेच्या लांब वाहिन्या यांना त्रास होतो. मातीच्या छताला, माळवदाला नाही.

आबांना दोन दाखले द्या. १० मे २०२४ ला जी ५ वादळ आलं, २००३ नंतरचं पहिलंच. लडाखमध्ये हानले इथून आकाश लाल दिसलं. त्या महिन्यात जगात ७ च्या वरचा एकही भूकंप झाला नाही. उलट १२ मे २००८ ला चीनच्या सिचुआनमध्ये ७.९ चा भूकंप झाला, तेव्हा सूर्य अगदी शांत होता. त्या वर्षात २६६ दिवस त्याच्यावर एकही डाग नव्हता. सूर्याकडे बघून भूकंपाचा दिवस सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कशाकडे बघूनही येत नाही. तारीख आणि वेळ सांगणारा मेसेज दिसला की तिथेच ओळखायचं.

सूर्य बघायची आवड मात्र लावा घरात. आपल्या आदित्य एल-१ वरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली आहे. त्याचे फोटो आबांना दाखवा, ते पाहण्यासारखे आहेत.

दर्यावर्दी

ज्वालामुखीबद्दल थोडक्यात. जगात कुठल्याही वेळी चाळीस-पन्नास ज्वालामुखी धुमसत असतात, स्मिथसोनियन संस्थेचा साप्ताहिक अहवाल वाचलात तर कळेल. म्हणजे व्हिडिओ रोजच मिळणार. भारतात जागृत एकच, अंदमानातलं बॅरन बेट. मराठवाड्याचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्यापर्यंत पोचते ती राख, तीही विमानांच्या उंचीवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला तेव्हा राख उत्तर भारतावरून गेली आणि काही उड्डाणं रद्द झाली. त्याचा तुमच्या गुडगुडीशी संबंध नाही.

लामजना_मोड

सगळ्यांनी नीट लिहिलंय. मी औसा तालुक्यातला. १९९३ ला मी चौदा वर्षांचा होतो. आबांचं वाक्य वाचून थांबलो. ताई, सूर्याच्या बाबतीत आबा चुकले, पण छताच्या बाबतीत बरोबर आहेत.

किल्लारीचा भूकंप ६.२ चा. जगात ६ ते ६.९ चे भूकंप दरवर्षी शंभराच्या वर होतात. आमच्याकडे दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली ती घरांमुळे. दगडाची दोन पदरी भिंत, मधे चिखल आणि खपल्या, वर माळवद. दर उन्हाळ्यात गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन. आमच्या वाड्यावर दोन फूट होती.

तुमचं घर तसं असेल तर आधी वर चढून मातीची जाडी मोजा. सात-आठ इंचांपेक्षा जास्तीची उतरवून घ्या. भिंतीला कुठे पोट सुटलंय का बघा. असेल तर जाणत्या माणसाला दाखवून दोन्ही पदर आरपार दगडांनी बांधून घ्या. तोवर बाज पोट सुटलेल्या भिंतीपासून आणि जड माळवदाखालून हलवा. घरात पत्र्याची हलकी खोली असेल तर आबांना तिथे झोपवा, थंडीही लागणार नाही.

वसमतरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आले.

आईने आधीच लिहून ठेवलंय हे मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघरात खिळ्याला दोन वर्षांची कालनिर्णय टांगलेली आहेत, आणि दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने छोट्या फुल्या. एक फुली म्हणजे आवाज, दोन म्हणजे हादरा. १० जुलै २०२४ च्या चौकोनात दोन फुल्या आणि "सव्वासात, तांब्या पडला". राष्ट्रीय केंद्राच्या नोंदीत ७ वाजून १४ मिनिटं. मी तिला दाखवलं. ती बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझं घड्याळ बरोबर आहे." एकेक फुलीच्या बहुतेक दिवशी यादीत काही नाही, ते का नाही हेही आता तिला सांगता आलं. यापुढे मिनिटासकट लिहिणार आहे.

सिचुआनचं आबांनी दोनदा विचारून घेतलं आणि ग्रुपवर स्वतःच्या आवाजात टाकलं.

लामजना_मोड दादा, मी आणि भाऊ माळवदावर चढलो. धाब्याला कडेने सळई खुपसली. मधल्या खणावर एकोणीस इंच माती आहे. देवघराच्या मागच्या भिंतीला पोट आहे, आई म्हणते ते पहिल्यापासून आहे. बाज त्याच भिंतीला लागून होती. ती आम्ही लगेच ओसरीतल्या पत्र्याखाली आणली.

पावसाच्या आत माती उतरवायची आहे. कळमनुरी-औंढा भागात हे काम केलेला गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. नुसती माती काढणारे मजूर मिळतायत, पण तुळयांवरचा भार एकाच बाजूने कमी केला तर काय होईल याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि आबा तोच प्रश्न प्रत्येकाला विचारतायत.