फ्रान्सला खाण्यापिण्यासाठी जायचं, तर पॅरिसमध्ये दिवस का घालवायचे?

धागाकर्ती

ओळखीतलं एक जोडपं येत्या जूनमध्ये पहिल्यांदाच फ्रान्सला निघालंय. दोघांनाही खाण्याची आवड आहे आणि वाइनबद्दल कुतूहल. त्यांच्या ट्रॅव्हल एजंटने पॅरिस, स्ट्रासबर्ग, बोर्दो आणि नीस दहा दिवसांत कोंबून दिलंय. चारही शहरं नकाशाच्या चार टोकांना! अर्धी सहल गाडीत आणि हॉटेलच्या चेक-इनमध्ये जाणार.

माझं मत स्पष्ट आहे. विमान पॅरिसला उतरलं की थेट दिजाँची ट्रेन पकडावी, दीड तासाच्या आसपास लागतो. मग दिजाँ, बोन (दोन्ही बरगंडी या वाइनच्या मुलुखात) आणि ल्यों. तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. वाइन चाखायची असेल तर हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण तिथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे.

'फ्रेंच जेवण' म्हणून आपण ज्याला ओळखतो ते एका देशाचं नसून त्या त्या मुलुखाचं असतं. बरगंडीत अंडी रेड वाइनच्या सॉसमध्ये शिजवतात आणि सोबत त्याच मुलुखाची पिनो न्वार ही रेड वाइन पितात. बोनमध्ये १४४३ साली निकोला रोलँ या बरगंडीच्या चॅन्सेलरने गरिबांसाठी रुग्णालय उभारलं. लोकांनी त्या रुग्णालयाला द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव आजही दर नोव्हेंबरला होतो. तिथे शेजारीशेजारी असलेल्या दोन शेतांच्या वाइनच्या किमतीत प्रचंड फरक असतो, कारण माती, उतार आणि ऊन वेगळं. या शेतांच्या जुन्या सीमांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. हे बाटलीवरचं लेबल वाचून समजत नाही. त्या उतारावर उभं राहिलं की समजतं.

शाकाहारी प्रवासी

ताई, तुमचा मार्ग सुंदर आहे, पण मराठी जोडप्यांत निदान एकजण तरी शाकाहारी असण्याची शक्यता मोठी. त्या माणसाने ल्योंला काय करायचं? तिथल्या 'बूशों' म्हणवणाऱ्या खाणावळींत डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, कोंबडीच्या काळजाचा केक, पाइक माशाची केनेल. शहराच्या नावाचं सॅलड मागवलं तरी त्यात बेकनचे तुकडे. चीजमध्येही अनेकदा वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, आणि पारंपरिक चीज म्हणजे तेच हे गृहीत धरावं.

मी म्हणेन नीसला जा. सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं मोठं धिरडंच. शिवाय रातातुई (तिथली मिश्र भाजी), ऑलिव्ह, तुळशीच्या कुळातल्या बेसिलचं वाटण घातलेलं भाज्यांचं सूप (चीज न घालता मागा), आणि दक्षिणेकडच्या प्रोव्हाँस मुलुखाची थंडगार रोझे (गुलाबी वाइन). उन्हाळ्यात जायचं तर उन्हाळ्याचं जेवण जिथे आहे तिथे जावं.

पॅरिसप्रेमी

दोघांशीही असहमत. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला पॅरिस वगळायला सांगणं मला पटत नाही. खाण्याच्या निकषावरही पटत नाही, कारण मुलुख स्वतःच पॅरिसला आलेत. पश्चिमेच्या ब्रिटनी प्रांतातल्या गाड्या माँपार्नास स्टेशनला येतात, म्हणून त्या परिसरात क्रेपच्या (पातळ धिरड्यांच्या) इतक्या दुकानांची दाटी. १८७१ मध्ये सीमेवरचा आल्सास प्रांत जर्मनीकडे गेल्यावर तिथले कित्येक लोक पॅरिसला आले, त्यांच्या ब्रासरी नावाच्या खाणावळींत आजही शूक्रूत (आंबवलेला कोबी) मिळतं. ओव्हेर्नच्या डोंगराळ भागातून आलेल्यांनी पॅरिसचे कॅफे चालवले. ही स्थलांतरितांची खाद्यसंस्कृती आहे, गिरणगावातल्या खाणावळींइतकीच खरी. तिला नक्कल समजू नका.

आणखी एक: जूनऐवजी ऑगस्ट झाला तर छोट्या शहरांत काय सापडेल? दारावर वार्षिक सुट्टीची पाटी. जुन्या इमारतींतल्या हॉटेलांत एसीही नसतो, आणि जून २०१९ मध्ये दक्षिणेत ४६ अंश नोंदले गेलेत.

धागाकर्ती

ऑगस्टबद्दल पूर्ण सहमत, म्हणूनच जून. (आपली मे महिन्याची सुट्टी साधायची असेल तर १ आणि ८ मे या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आधी बघाव्यात.)

माँपार्नासचा मुद्दा मनापासून आवडला, पण तो वाइनला लागू होत नाही. क्रेप बनवणारा माणूस पॅरिसला येतो, उतार येत नाही. बोनहून सायकलने पोमार आणि मर्सो या गावांच्या वाटेने सांतनेपर्यंत, जवळपास बावीस किलोमीटर, मळ्यांमधून जाता येतं. वाटेतल्या एखाद्या उत्पादकाच्या तळघरात त्याच्याच हातून चाखलं की त्याच्याशी बोलता येतं. आधी वेळ मात्र घ्यावी.

नाशिककर

वाइनसाठी जून कशाला? आमच्याकडे जानेवारी ते मार्च तोडणी चालते तेव्हाच वायनरीत खरी गंमत. तिकडे जूनमध्ये घड धरायला जेमतेम सुरुवात झालेली असते. तोडणी सप्टेंबरात, तेव्हा जावं. शिवाय बरगंडी महाग आहे. त्यापेक्षा आल्सास का नाही? रीसलिंग आणि गेव्हुर्त्सत्रामिनर या तिथल्या व्हाइट वाइन आपल्या मसालेदार जिभेला जवळच्या.

धागाकर्ती

नाशिककर, तोडणीच्या धामधुमीत छोट्या उत्पादकाला पाहुण्यांकडे बघायला फुरसत नसते. आणि सप्टेंबर हे गणितही आता सरकतंय. बोनच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून नोंदलेल्या आहेत. त्यांचा अभ्यास सांगतो की १९८८ नंतर तोडणी सरासरी तेरा दिवस लवकर होते. उष्ण वर्षी ती ऑगस्टातच सुरू होते. दोन महिने आधी विमानाचं तिकीट काढणाऱ्याने या तारखेवर सहल टांगू नये, असं मला वाटतं. आल्सासचं मात्र मान्य. फक्त तीच एक वेगळी सहल करा, याच दहा दिवसांत घुसवू नका.

ल्योंमध्ये राहणारा

बूशोंवरची टीका अर्धीच बरोबर आहे. अंडी आणि दूध चालत असेल तर सेर्व्हेल द कानू, म्हणजे लसूण, कांदा आणि हिरव्या पाल्याचं ताजं चीज, मिळतं. बटाट्याचं ग्रातँ दोफिन्वा मिळतं. प्रालीनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) गुलाबी टार्ट मिळतो. शुद्ध शाकाहारी माणूस मात्र दोनदा जेवून कंटाळेल, हे खरं.

पण ल्योंचा इतिहास विसरू नका. घरकाम करणाऱ्या स्वयंपाकिणींनी इथे आपापली खाणावळ काढली. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांना १९३३ मध्ये दोन रेस्टॉरंटसाठी प्रत्येकी तीन मिशलँ स्टार मिळाले. नामवंत शेफ पॉल बोक्यूज त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकले. बायकांच्या हाताखाली घडलेलं हे शहर आहे, आणि पॅरिसच्या बड्या रेस्टॉरंटांपेक्षा मला म्हणूनच जवळचं वाटतं.

दोन सूचना. मोठं जेवण दुपारी बारा ते दोनमध्ये घ्या, तोच पदार्थ दुपारच्या ठरावीक मेन्यूत बराच स्वस्त पडतो. आणि वाइन नेहमीच्या बाटलीऐवजी 'पो' मागवा. जाड बुडाची छोटी बाटली, ४६ सेंटीलिटरची, दोघांना पुरेल इतकी. त्यात बोजोले किंवा कोत द्यु रोन असते, दोन्ही इथून हाकेच्या अंतरावरच्या. रविवार संध्याकाळ आणि सोमवार मात्र प्रवासासाठी ठेवा, बरीच स्वयंपाकघरं बंद असतात.

शाकाहारी प्रवासी

मग माझी मागणी एवढीच: ल्योंचे दिवस कमी करून टीजीव्ही या वेगवान गाडीने अविन्यों गाठा. तासाभराचाच प्रवास आहे, आणि तिथून प्रोव्हाँस सुरू होतं. तिथला बाजार फिरताना शाकाहारी माणसाला काय घेऊ आणि काय नको असं होईल.

धागाकर्ती

हे चालेल. त्या जोडप्यातला तो सगळं खातो, ती शाकाहारी आहे, फक्त अंडी चालतात. दिजाँ आणि बोन, मग ल्योंमध्ये दोन रात्री, शेवटी अविन्यों. नीस या खेपेला नाही.

पॅरिसप्रेमी

परतीच्या विमानाआधीचे दोन दिवस पॅरिसला द्या. यावर मी मागे हटणार नाही.