पावसाळी ट्रेकसाठी हातातलं जीपीएस यंत्र की फोन?

घाटवाट_७२:
जुलैत राजगड-तोरणा आणि दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या घाटवाटा करायच्या आहेत. रोजचा फोन आहे (५००० एमएएच), शिवाय एक जुना अँड्रॉइड कपाटात पडून आहे. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्स घ्यावं, की ते पैसे वाचवून फोनवरच भागवावं? अचूकता, बॅटरी आणि नकाशे या तिन्हींवर मतं हवीत. 'गावातला वाटाड्या घ्या' हे मान्यच आहे, ते सोडून बोला.

कारवी:
अचूकतेसाठी वेगळं यंत्र घेत असाल तर घेऊ नका. उघड्या माथ्यावर दोन्ही सारखेच, पाच-दहा मीटरच्या आत-बाहेर. उलट एल१ आणि एल५ अशा दोन्ही लहरी पकडणारा नवा फोन नाळेत (कड्यांमधल्या अरुंद घळीत) किंवा कड्याला चिकटून चालताना २२एक्सपेक्षा बरा ठरतो. तिथे कड्यावर आपटून आलेला सिग्नल थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि पडद्यावरचा ठिपका पलीकडच्या सोंडेवर उडी मारतो. असं झालं की ठिपक्यामागे धावू नका, मोकळ्यावर येऊन दोन मिनिटं थांबा.

खरा फरक पाण्यात. पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरक टचस्क्रीनला नीट कळत नाही. नकाशा आपोआप झूम होतो, सरकतो, कधी ट्रॅकची (चाललेल्या वाटेची) नोंदच बंद पडते. झिपलॉक पिशवीत घातला तर आत वाफ धरते. ईट्रेक्सला बटणं आणि छोटी दांडी, ओल्या हातमोज्यांतही चालतात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण हे मागचं झाकण नीट बसलं असेल तरच. सेल बदलताना झाकणाच्या रबरी कडेवर मातीचा कण राहिला की पाणी आत गेलंच म्हणून समजा. जुनं यंत्र घेत असाल तर बाजूची रबरी पट्टी सुटलेली नाही ना, हे पाहूनच घ्या.

बॅटरीचंही तसंच. २२एक्स दोन पेन्सिल सेलवर (डबल ए) २५ तास चालतं असं कंपनी सांगते, बॅकलाइट लावून ठेवला तर कमी. त्याचा पडदा उन्हात बॅकलाइटशिवाय वाचता येतो, फोनला मात्र उन्हात उजेड वाढवावा लागतो. पॉवरबँकेच्या 'दहा हजार'वर भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये भरताना होणारी घट धरली तर तुमचा फोन फार तर दीड वेळा भरेल. आणि चार्जिंगच्या भोकात ओल शिरली की बरेच फोन चार्ज व्हायलाच नकार देतात, पॉवरबँक भरलेली असली तरी. सेल मात्र सदऱ्याला पुसून घातले की झालं.

सोंडेवरचा:
वर बॅटरीचं जे लिहिलंय त्यात एक भर. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार 'निकेल मेटल हायड्राइड' करा. त्यांचा व्होल्टेज १.२, अल्कलाइनचा १.५. बदल केला नाही तर यंत्र चार्ज असलेला सेलही अर्धा रिकामा दाखवतं.

पण दिवाळीनंतरच्या कोरड्या ट्रेकना तुमचा जुना फोनच पुरे, अट एकच: तो फक्त नकाशासाठी. फोटो, रील, फोन सगळं दुसऱ्यावर. ११२ लावायची वेळ आली तेव्हा नकाशानेच बॅटरी संपवलेली नको. तयारी अशी:

सिम काढा, एअरप्लेन मोड लावा (जीपीएस त्यात चालू राहतं), ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड हे नकाशाचं अॅप टाका आणि महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घ्या. ऑसमँडमध्ये समोच्च रेषा वेगळ्या उतरवाव्या लागतात, त्या विसरू नका. मग त्या अॅपला बॅटरी सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' द्या. हे केलं नाही की खिशात गेल्यावर अँड्रॉइड अॅपला झोपवतं आणि घरी आल्यावर ट्रॅकमध्ये दरीवरून गेलेली सरळ रेघ दिसते. ती फाइल दुसऱ्याला दिलीत तर तो त्या रेघेवर चालेल, म्हणून आधी कापून टाका.

नेटवर्क नसलेल्या फोनला उपग्रहांची कक्षामाहिती थेट आकाशातून घ्यावी लागते. एका उपग्रहाची ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, मध्येच झाड किंवा कडा आला की पुढच्या फेरीची वाट पाहणं आलं. त्यामुळे पायथ्याच्या गावातच, मोकळ्यावर, उभं राहून ठिपका स्थिर होऊ द्या. रानात शिरल्यावर सुरू केलात तर दहा मिनिटंही जातील.

ढोरवाट:
नकाशातल्या वाटा कितपत खऱ्या, यावर कोणीच बोललं नाही. यंत्र कुठलंही घ्या, आतला नकाशा बहुधा ओपनस्ट्रीटमॅपचाच, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेला असणार. त्यात राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी रुळलेली वाट आहे, पण अनवट घाटवाटा कित्येकदा नाहीत, आणि कुठे कुठे कुणीतरी ढोरवाटच वाट म्हणून काढून ठेवली आहे. म्हणून आधी जाऊन आलेल्यांच्या ट्रॅकची फाइल (जीपीएक्स) हवीच. २२एक्सला एका ट्रॅकमध्ये १०,००० बिंदूंची मर्यादा आहे. लांब ट्रेकची सेकंदागणिक नोंदलेली फाइल तशीच टाकली तर शेवटचा भाग, म्हणजे नेमकी उतरायची नाळ, कापली जाते. जीपीएसबेबेल या सॉफ्टवेअरच्या सिम्प्लिफाय फिल्टरने ती हजार बिंदूंवर आणा. वळणं शाबूत राहतात.

आणि अक्षांश-रेखांश हातानं भरत असाल तर आधी पद्धत बघा. राजगड १८.२४६ अंशांवर आहे. गार्मिन मुळात अंश-मिनिटं दाखवतं, म्हणजे १८ अंश १४.७६ मिनिटं. तेच कुणी १८.१४७६ म्हणून फोनमध्ये भरलं तर ठिपका जवळजवळ ११ किलोमीटर दक्षिणेला पडतो. जुन्या सर्व्हे टोपोशीटवरून आकडे घेतलेत तर आणखी वेगळा घोळ, त्यांची आधारप्रणाली (अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात ती) एव्हरेस्ट, जीपीएसची डब्ल्यूजीएस८४. शंभरएक मीटरचा फरक म्हणजे कड्याच्या वर की खाली, एवढा.

घाटवाट_७२:
पटलं. पावसाळ्यासाठी यंत्र, कोरड्याला जुना फोन. मग २२एक्स की ३२एक्स? आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिनचं इनरीच कसं?

कारवी:
इनरीचचा विचार सोडा. परवानगीशिवाय उपग्रहावरून संदेश पाठवणारं साधन बाळगणं भारतात गुन्हा आहे, विमानतळावर लोक त्यापायी अडकले आहेत. नुसतं सिग्नल घेणाऱ्या ईट्रेक्सला ती अडचण नाही.

पावसाळ्यासाठीच घेताय तर ३२एक्स. २२एक्समध्ये होकायंत्र नाही, चालत असाल तेव्हाच ते दिशा दाखवतं. धुक्यात खिंडीत थांबून 'आता डावीकडे की उजवीकडे' हे ठरवायचं असतं, नेमका तेव्हा बाण भलतीकडे. ३२एक्समध्ये होकायंत्रही आहे आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही. फक्त सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवा, आणि हवा पालटली की उंचीही. तोरण्याच्या माथ्यावर पोचलात की १,४०३ मीटर भरून टाका, उतरताना समोच्च रेषेवरून आपण कुठल्या पदरात (डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यात) आहोत ते कळतं.