विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्रॅक्टिकम मिळतंय, हो म्हणू का?

भिडस्त_सातारकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. या सत्रात प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन शिकाऊ काम, करावंच लागतं. वर्गातल्या बहुतेकांनी शाळा नाहीतर संस्था धरल्या. मला इथल्याच एका विद्यापीठाच्या विद्यार्थी समुपदेशन केंद्रात बोलावलंय. आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते पाच, सत्र संपेपर्यंत. पैसे नाहीत, प्रमाणपत्र मिळेल.

जागा बघून आले. ग्रंथालयाच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून दोन खोल्या. बाहेर टेबल आणि रजिस्टर. आतल्या खोलीचे प्लायवूड घालून दोन भाग केलेत. झेरॉक्सच्या रांगेतल्या प्रत्येकाला दिसतं, आत कोण चाललंय ते. एक पूर्णवेळ समुपदेशक मॅडम आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. मॅडम स्वभावाने चांगल्या वाटल्या, पण बोलता बोलता सारखा फोन वाजत होता. शेवटी म्हणाल्या, "ये गं तू, शिकशील आपोआप." तेव्हापासून जरा धास्तीच बसलीये.

माझी भीती सरळ आहे. आतापर्यंत क्लायंट म्हणजे वर्गातली मैत्रीण, आणि रोल-प्ले सगळे इंग्रजीत. उद्या समोर बीड-परभणीहून आलेला खरा मुलगा बसला आणि म्हणाला की जगावंसं वाटत नाही, आणि मॅडम कुलगुरूंच्या मीटिंगला गेलेल्या असल्या, तर? शिवाय मी पीजीला राहते त्याच्या खालच्या मेसमध्ये याच विद्यापीठाची निम्मी पोरं जेवतात. सकाळी जो समोर बसून रडला, तोच रात्री पोळी वाढून घेताना शेजारी. तेव्हा करायचं काय?

आई म्हणते, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.


टेकडीवरचा

हो म्हण. मी शाळा घेतली होती. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की समुपदेशक वर्गावर, असा तिथला रिवाज होता. सत्र संपेपर्यंत मला अपूर्णांकांची छान उजळणी झाली.


नळस्टॉपची_काकू

टेकडीवरच्याने हसवलं, पण तो म्हणतोय त्यात तथ्य आहे. मी बरीच वर्षं विद्यापीठ आणि कॉलेजांच्या केंद्रांत काढली, आता कोथरूडला स्वतःचं काम करते आणि शिकाऊ मुलामुलींचं सुपरव्हिजन घेते, म्हणजे त्यांच्या केसेसवर त्यांच्याशी नियमित बोलून मार्गदर्शन करते. त्यामुळे थोडं लांबड लावते, सहन कर.

प्लायवूड, झेरॉक्सची रांग, पंख्याची घरघर, हे सगळं चालून जाईल. "शिकशील आपोआप" हे मात्र चालायचं नाही. हो म्हणण्याआधी मॅडमकडे परत जा आणि दोन गोष्टी विचार. माझं सुपरव्हिजन कोण घेणार, कुठल्या वारी, किती वाजता? आणि मी सेशन घेत असेन त्या वेळी इमारतीत माझ्या वरचं कोण असेल? दुसऱ्याचं उत्तर "फोन कर ना" असं आलं तर मी तरी माझ्या विद्यार्थिनीला तिथे पाठवणार नाही. फोन उचलला जात नाही नेमका त्याच दिवशी प्रसंग येतो.

हे मी एवढं ताणून का सांगते त्यालाही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, हे त्यात आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. सूचना चांगल्याच आहेत. पण कागद पूर्ण करायची घाई झाली की फुकट मिळणारी एम.ए.ची मुलगी संस्थेला फार सोयीची वाटायला लागते. तू "पात्र समुपदेशक" नाहीस, शिकाऊ आहेस. दारावरच्या पाटीवर तुझं नाव लागणार असेल तर सरळ नाही म्हण.

आणि शिकाऊ आहेस हे क्लायंटपासूनही लपवायचं नाही. संमतीपत्रात ते असलंच पाहिजे, आणि पहिल्या पाच मिनिटांत तोंडीही सांगायचं: मी शिकतेय, माझ्या सुपरव्हायझरशी मी तुझ्याबद्दल बोलणार. मुलांना त्याचं फारसं काही वाटत नाही. उलट थोडी सैल बसतात.

आता तिथे येतं कोण? पहिले काही आठवडे फारसं कोणी येणार नाही, रजिस्टरवर रेघा मारशील. पुस्तकातलं नैराश्य कपाळावर चिकटवून कोणी येत नसतं. हॉस्टेलची खोली मिळावी म्हणून एम.ए.ला नाव घातलेला आणि खरं तर एमपीएससी करणारा मुलगा येतो. दिवसभर अभ्यासिकेत बसतो, गावाकडे वडिलांनी "साहेब होणार" असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली तेव्हा वस्तुनिष्ठच्या तयारीत वर्षं घालवलेल्या मुलांची काय अवस्था झाली ते मी जवळून पाहिलंय. तो सांगतो काय, तर झोप लागत नाही, डोकं जड राहतं, एखादी गोळी मिळेल का. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती अडकलेली मुलगी येते, मेसवाल्याने डबा बंद केलेला असतो. तिला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी शिष्यवृत्ती विभागात कोणाला भेटायचं ते तुला माहीत हवं. पीएचडी करणारी येते, गाइडबद्दल बोलता बोलता थांबते. तिथे लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीचं नाव आणि खोली तुला पाठ पाहिजे. जायचं की नाही ते तीच ठरवेल. समुपदेशन म्हणजे नुसतं ऐकणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी विद्यापीठात एक सत्र काढावं.

रोल-प्ले आजपासून मराठीत कर. आणि समोरच्याचं "ताई" हेही ऐकायची सवय कर, कारण तुझ्याच वयाचा मुलगा दुसऱ्या भेटीत तुला ताई म्हणणार आणि तिसऱ्या भेटीत व्हॉट्सअॅप नंबर मागणार. हाकेला हरकत घेऊ नकोस, नंबर देऊ नकोस. केंद्राचा फोन आणि ईमेल, बस. रात्री काही झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आधी स्वतः एकदा लावून बघ, म्हणजे पलीकडे काय ऐकू येतं ते तुला त्याला सांगता येईल.

आता तुझी मुख्य भीती. बहुतेक केंद्रांत पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. शिकाऊ मुली बेरीज करत बसतात आणि दहाच्या खाली आली की सुटकेचा श्वास टाकतात. तू कागद हातात आला की आधी नववा प्रश्न बघ, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याच्या पलीकडे काहीही असेल तर बेरीज आठ असो की अठरा, त्यावर त्याच दिवशी बोलायचं. आणि सरळ विचारायचं: आत्महत्येचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, हे तुम्हाला शिकवलं असेलच. पण शिकलेलं असूनही पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळते, म्हणून मॅडमसमोर मोठ्याने म्हणून सराव कर. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि निर्णयही एकटीने घ्यायचा नाही. मॅडमना खोलीत बोलवायचं. घरी कोणाला कळवायचं, रात्री सोबत कोण राहणार, मानसोपचारतज्ज्ञाच्या दिवसापर्यंत थांबायचं की आत्ताच ससूनच्या कॅज्युअल्टीत जायचं, हे ठरवणं त्यांचं काम आहे. म्हणूनच वर विचारलं, इमारतीत कोण असेल.

मुलांना पोलीस केसची भीती फार. आधी प्रयत्न केलेला असेल तर सांगतच नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ माहीत असू दे: आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही.

आणखी एक, हे सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षाला आलेलं पोर सतरा वर्षांचं असू शकतं. त्याने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सोच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गोपनीयता तिथे थांबते. म्हणून "इथलं इथेच राहील" असं सरसकट वचन कधीच द्यायचं नाही. काय बाहेर जाऊ शकतं ते सुरुवातीलाच सांगायचं. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलंस तर त्या पोराला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही.


अभ्यासिका_सदाशिव

मी या क्षेत्रातला नाही. अशाच एका केंद्रात क्लायंट म्हणून जात होतो, कुठलं ते राहू द्या. म्हणून पलीकडच्या खुर्चीतून थोडं लिहितो.

मला शिकाऊ ताईच मिळाल्या होत्या. काकू म्हणतात ते खरं आहे, त्या शिकतायत याचं मला काही वाटलं नाही. मोठ्या मॅडमसमोर मी चांगल्या मुलासारखं बोलायचो, त्यांच्यासमोर वडिलांना शिव्या देऊ शकलो. बाहेर ढोल पथकाचा सराव चालू असला की आम्ही दोघंही गप्प बसायचो, आणि मला ते बरं वाटायचं.

वाईट एकच झालं. एका सोमवारी गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "त्या आता येत नाहीत, त्यांचं सत्र संपलं. नवीन मॅडम आहेत, फॉर्म परत भरा." मी फॉर्म भरला नाही आणि परत गेलोही नाही. त्यांचा दोष नसेल, त्यांना कोणी सांगितलंच नसेल की असं निघून जायचं नसतं. पण तुम्ही जाणार असाल तर तुमची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. आणि शेवटी-शेवटी नवीन माणसाची गाठ स्वतः घालून द्या.

रांगेचं म्हणाल तर मी हातात झेरॉक्सचे कागद धरून जायचो. कोणी विचारलं नाही.


नळस्टॉपची_काकू

अभ्यासिका, हे माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? तुम्ही फॉर्म भरला नाहीत याचं मला आश्चर्य वाटत नाही. आता कसे आहात ते विचारणार नाही. पण कधी परत जावंसं वाटलं तर मागचं सगळं पहिल्यापासून सांगायची सक्ती नसते, हे माहीत असू द्या.


भिडस्त_सातारकर

सगळ्यांचे आभार. अभ्यासिकादादा, तुमचं लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं.

काकू, मॅडमना जाऊन भेटले. घाबरत घाबरत दोन्ही प्रश्न विचारले. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी डायरी काढली आणि दर गुरुवारी चार वाजता सुपरव्हिजन असं लिहूनच दिलं. त्या बाहेर असतील तेव्हा मी सेशन घ्यायचं नाही, फक्त टेबल सांभाळायचं, हेही ठरलं. नंतर म्हणाल्या, "हे आधीच्या कोणी विचारलं नव्हतं."

आता दोनच गोष्टी राहिल्या. मेसचं काय? आणि आमच्या विभागाला सत्राअखेर केस रिपोर्ट द्यावे लागतात. नाव बदललं की पुरतं का?


नळस्टॉपची_काकू

शाब्बास. म्हणजे मॅडमना सवड नव्हती, नियत चांगलीच होती. माझा अंदाज थोडा चुकला, आनंद आहे.

मेसचं पहिल्याच भेटीत बोलून टाक: "आपण बाहेर भेटू शकतो. मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही, तू दाखवलीस तर हसेन, पण तिथे इथलं काही बोलणार नाही." मग तो शेजारी बसला तरी आमटी जेव आणि ऊठ. सकाळी ओळखीचा निघालाच, म्हणजे तुझ्या मेसच्या टेबलावरचा, पीजीतल्या मैत्रिणीचा भाऊ वगैरे, तर ती केस घेऊच नकोस, मॅडमकडे दे. जमलं तर मेसही बदल. शिवाजीनगरला काय, मेसना तोटा नाही.

नाव बदलून मुळीच पुरत नाही. "जुन्नरचा, भूगोलात पीएचडी करणारा, तबला वाजवणारा" असं लिहिलंस की नाव कशाला हवं, सगळा कॅम्पस ओळखेल. गाव, विषय, छंद, भावंडं, जे लागत नाही ते काढ. जे लागतं ते ढोबळ कर. रिपोर्टसाठी क्लायंटची वेगळी लेखी परवानगी घे. उपचाराची संमती ती ही नव्हे. तो नाही म्हणाला तरी त्याचं सेशन थांबत नाही, हेही त्याला सांग. नोंदी केंद्राच्या कपाटात, कुलुपात. फोनमध्ये फोटो नाही, ड्राइव्हवर नाही, पीजीच्या उशीखाली तर नाहीच. रिपोर्ट मॅडमनी वाचून सही केल्याशिवाय विभागात द्यायचा नाही.

आणि गणपतीच्या आठवड्यात केंद्र उघडं असतं का ते आत्ताच विचारून ठेव. उघडं असेल आणि मॅडम रजेवर असतील, तर त्या आठवड्यात तूही सातारला जा.